रामकिशनची मूठ

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४.
पहाटे धुकं. वीज आठला आली. शेजारचा जगन रात्री झोपला तो उठलाच नाही. सहाला बायकोने, पारूने, हाक मारली तेव्हा अंग गार होतं. वय एकोणपन्नास. अकराला उचलला. मुलगा नाही म्हणून थोरला भाऊ रामकिशन कर्ता. स्मशानात रामकिशनच्या खांद्यावरचं मडकं सुटलं नाही, असं परतलेले लोक सांगतात. एक म्हणाला मिनिटभर, दुसरा म्हणाला पाच मिनिटं. तिसरा नुसते पाय धुऊन निघून गेला. पारूकडे आपल्याकडून पिठलं-भाकरी पाठवली.

ही नोंद अनुसयाबाईंच्या वहीतली. हैदराबादेला सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या अनुसयाबाई गुरांच्या डॉक्टरांशी लग्न करून शिरड शहापुरात आल्या, त्याला पंचावन्न वर्षं झाली. डॉक्टर जाऊन बारा. बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून त्या दिवशी त्यांना ऐकीव तेवढंच लिहिता आलं. तिथं खरं काय घडलं ते रामकिशननं त्यांना पुढं स्वतः सांगितलं.

ओढ्याच्या गार पाण्यात त्याला अंघोळ घातली होती. ओलं धोतर अंगाला चिकटलेलं, दात वाजत होते. पाण्यानं भरलेलं मडकं उजव्या खांद्यावर ठेवून त्यानं त्याचा गळा उजव्या हातानं घट्ट आवळला. भावकीतला थोरला ओमप्रकाश मागून चालत होता. एक फेरी झाली, त्यानं दगडानं मडक्याला टोचा मारला, धार पाठीवरून वाहू लागली. दुसरी फेरी, दुसरा टोचा. तिसरी, तिसरा. चिता डावीकडं, भाऊ तिच्यात. तिन्ही फेऱ्या रामकिशननं जमिनीकडं बघत काढल्या.

"सोड आता मागं," ओमप्रकाश म्हणाला. "वळून बगू नको."

रामकिशननं सोडलं. म्हणजे सोडावं असं मनात आणलं, तसं हाताला सांगितलं, आणि मडकं मागं फुटल्याचा आवाज यायची वाट बघत उभा राहिला. आवाज आला नाही. पाणी सगळं निथळून गेलं होतं, मडकं हलकं झालं होतं, आणि तरी ते खांद्यावरच होतं. मागून कुणीतरी तळहात लावून धरावं तसं.

"सोड ना रं."

"सोडलंय की," रामकिशन म्हणाला.

हे त्याचं बोलणं वीसेक लोकांनी ऐकलं. वळून बघायची मनाई असल्यामुळं मागं कोण आहे हे बघणं रामकिशनच्या हातात नव्हतं, आणि मागं उभ्या असलेल्यांना त्याची पाठ, ओलं धोतर आणि खांद्यावर टेकलेलं रिकामं मडकं एवढंच दिसत होतं. मग करंगळी सुटली. मग तिच्याजवळचं बोट. अंगठा सगळ्यात शेवटी. मडकं वाळूत पडलं आणि फुटलं नाही. ओमप्रकाशला ते दगड घालून फोडावं लागलं. दोनदा घालावा लागला.

रामकिशन तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. उंच, चेहरा लांबट, गाल बसलेले, कपाळावरचे केस तिशीतच गेलेले. गावात त्याची ओळख हळद शिजवणारा म्हणून होती. पूर्वी कढया होत्या, आता वाफेचे कुकर आले, पण शिजलेल्या हळकुंडात काडी टोचून बघायला लोक त्यालाच बोलवायचे. तो काडी घालायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "अजून धा मिंटं." दहा मिनिटांनी हळद बरोबर झालेली असायची. मूलबाळ नव्हतं. बायको सुनिता आणि तो, एक म्हैस, अडीच एकर. भाऊ जगन भिंतीपलीकडं.

त्याच्या घरात एक गोष्ट पिढीजात होती आणि तिच्याबद्दल बोलायची पद्धत नव्हती. हात उशिरा सुटायचा. काही घट्ट धरलं की सोडताना बोटं रेंगाळायची. बापानं लहानपणीच शिकवून ठेवलं होतं: आधी दहा डाव मूठ उघडझाप कर, मग धारेला बस. मूठ अशी चाळवली की बोटं मोकळी व्हायची. थंडीत दहाची वीस करायची. रामकिशन म्हशीखाली बसण्याआधी हे करायचा तेव्हा बघणाऱ्याला वाटायचं, गडी हात शेकतोय. जगन मोटारसायकलची मूठ चार-पाच वेळा रिकामीच पिळायचा, मग निघायचा. लोक म्हणायचे, शौकीन आहे.

ही उघडझाप स्मशानात करता आली असती. पण सख्ख्या भावाच्या चितेसमोर पैलवानासारखी मूठ कशी चाळवायची? रामकिशनला लाज वाटली. त्यानं हात तसाच गार ठेवला.

मात्र नंतर घरी येऊन बसल्यावर त्याला हे कारण पुरेना. असला उशीर त्याला आजवर कधी लागला नव्हता. आणि दुसरंही एक होतं, जे त्यानं सुनितालासुद्धा सांगितलं नव्हतं.

सोमवारी, म्हणजे जगन गेला त्याच्या आदल्या दिवशी, दोघं भाऊ एका शेतात हळद शिजवायला गेले होते. जगनला वर्षभरापासून दिवसा झोप लागायची. बोलता बोलता पापण्या उतरायच्या. त्या दिवशी तो कुकरजवळ बसल्या बसल्या झोपला आणि सगळी खेप शिजून गाळ झाली. शेतमालक काही बोलला नाही, पण रामकिशनचं नाव त्या खेपेला लागलेलं होतं. त्याचा तोल गेला. "झोपायचं तर झोप एकदाचा," तो म्हणाला. जगननं मान वर करून त्याच्याकडं बघितलं, हसल्यासारखं केलं, गाडीची मूठ पिळली आणि घरी गेला. न जेवता आडवा झाला. आणि झोपला.

तीन दिवसांत गावानं आपलं ठरवून टाकलं. जगननं मडकं धरून ठेवलं होतं. ज्याअर्थी त्यानं धरलं, त्याअर्थी भावाकडं त्याचं काही राहिलं होतं. कुणी तोंडावर बोललं नाही. हळदीचा हंगाम भरात होता, चारही बाजूंनी वाफेचा वास येत होता, आणि काडी टोचायला रामकिशनला कुणी बोलावलं नाही. हॉटेलात त्याच्यासमोर चहा ठेवणारा माणूस कप त्याच्या हातात न देता फळीवर ठेवून मागं सरायचा.

ओमप्रकाश येऊन ओट्यावर बसला. "हे बग, मी तुह्या भल्याचंच सांगून राहिलो. धावा दिस होईस्तोर गावची शीव वलांडू नको. कर्ता शिवंबाहीर गेला की मेलेला त्याच्यामागं निघतो. मंग त्याला पिंडावर आणायचं कसं?"

"कुटं जाऊ मी? हितंच हाय."

"आन् काय कबूल करायचं आसंल तं धाव्याला नदीवर कर. त्याच्यासमोर. सुटका व्हईल."

"कुणाची?"

ओमप्रकाश उठला. जाताना त्यानं नेहमीसारखा रामकिशनच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

शनिवारी सकाळी, पाचव्या दिवशी, रामकिशन धारेला बसला. अनुसयाबाई दुधाचं भांडं घेऊन भिंतीपाशी उभ्या होत्या, म्हणून त्यांनी ते पाहिलं. त्याची बोटं चालली होती, चरवीत धार वाजत होती. मग धार थांबली. रामकिशन बसल्या जागी तसाच होता, डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. सावकाश, पोतं कलंडावं तसा, तो म्हशीच्या पायांत आडवा झाला. अनुसयाबाईंनी मनातल्या मनात आकडे मोजले. नऊपर्यंत पोचल्या तेव्हा त्यानं श्वास ओढला.

"जगन आला व्हता का हितं?" हे त्याचं पहिलं वाक्य.

"इथं मी आहे आणि तुझी म्हैस आहे," अनुसयाबाई म्हणाल्या. "उठून बस. याआधी झालंय असं?"

"दोनदा. शेतात. कुणाला बोललो न्हाई."

"डॉक्टरला दाखवायला हवं."

"काकू, शीव वलांडायची न्हाई मला."

अनुसयाबाईंनी थोडा विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण खऱ्याची घडी जरा वेगळी घालायला त्या कचरत नसत. "मला नांदेडला डोळे दाखवायचे आहेत. एकटी म्हातारी मी, बसमध्ये कोण चढवणार? सोमवारी माझ्या सोबतीला चल. कर्ता म्हणून नको येऊस, सोबती म्हणून ये."

डोळे त्यांना एप्रिलात दाखवायचे होते.

वसमतला बस बदलून दोघं नांदेडला पोचले. नसांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण घाई करत नव्हत्या. त्यांनी रामकिशनला हात घट्ट मिळवायला सांगितला, मग म्हणाल्या, "सोडा." तो सुटेपर्यंत त्या त्याच्या तोंडाकडं नाही, बोटांकडं बघत राहिल्या. मग रबरी हातोडी घेऊन त्यांनी त्याच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यावर हलकेच टक केलं.

अंगठा उठला. रामकिशननं त्याला काही सांगितलं नव्हतं. तो आपला आपण उठून तळहातावर आडवा झाला, तिथंच थांबला, आणि मग झोपेतून कूस बदलावी तसा हळूहळू परत गेला. रामकिशनला तो हात आपल्या मनगटाला दुसऱ्या कुणीतरी आणून लावल्यासारखा वाटला.

त्याला एका खोलीत निजवलं. हातात बारीक सुई टोचली, सुईची तार एका यंत्राला, यंत्राला कर्णा. "हात सैल सोडा," बाई म्हणाल्या. "अजिबात हलवू नका. हात गप्प असला की यंत्रही गप्प असतं."

त्यानं हात सैल सोडला. बाईंनी सुई किंचित हलवली, आणि कर्ण्यातून मोटारसायकल आली.

लांबून आली, चढावर मूठ पिळावी तशी फुगत गेली, आणि मग वळणावरून पुढं जाऊन बारीक होत होत विरली. थोडं थांबून पुन्हा आली. रामकिशनच्या कानाला ती ओळखीची होती. गेल्या सोमवारी हळदीच्या शेतातून ती अशीच गेली होती. त्यानं दाराकडं बघितलं. दार बंद होतं. बाहेर तिसऱ्या मजल्याचा व्हरांडा होता.

"हे कुटून येऊन राहिलं?"

"तुमच्या हातातून," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचं असंच वाजतं, ज्यांना हा आजार असतो त्यांचं."

"हात तं गप हाय माझा."

"तुम्ही गप्प आहात. हात नाही."

नंतर त्यांनी अनुसयाबाईंनाही आत बोलावलं आणि कागदावर एक लांब दोरा काढून दाखवला. मांसाचा प्रत्येक धागा असा असतो, त्या म्हणाल्या. त्याला कातडी असते आणि कातडीला डोळ्याला न दिसणारी दारं. मिठातली द्रव्यं त्यांतून ये-जा करतात. एका जातीच्या दारांतून सोडियम आत शिरलं की वीज पेटते आणि धागा आखडतो. दुसऱ्या जातीची दारं क्लोराईडची. ती वीज विझवतात, मग धागा सैल पडतो. धडधाकट माणसाच्या धाग्यात ही विझवणारी दारं भरपूर असतात. रामकिशनच्या अंगात तो आराखडाच चुकीचा उतरतो. दारं कमी बनतात, बनतात ती धड नसतात. एकदा पेटलेली वीज त्यामुळं लगेच विझत नाही. धागा आपला एकटाच आखडत राहतो. वर्षं जातात तसे हेच धागे झिजत जातात. चेहरा, मान, हात, डोळ्यांच्या पापण्या. मुठी चाळवल्या की तात्पुरतं मोकळं होतं, हे त्याच्या बापाला कुठल्याही डॉक्टरशिवाय कळलं होतं.

रामकिशननं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं एकच विचारलं. "बाई, म्हंजी मी मडकं सोडलं व्हतं?"

काय मडकं ते अनुसयाबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं.

"तुम्ही सोडलं होतं," बाई म्हणाल्या. "मेंदूनं हुकूम दिला होता. हातानं तो उशिरा मानला."

"मंग मधल्या टायमाला धरून कोण राहिलं व्हतं?"

"कोणी नाही."

या उत्तरानं त्याचं समाधान होईल असं बाईंना वाटलं असावं. पण रामकिशनच्या अंगावर काटा आला. जगननं धरलं असतं तर निदान तो जगन असता. त्याच्याशी बोलता आलं असतं, पाया पडता आलं असतं. कोणी नाही, आणि तरी मूठ मिटलेली: याच्याशी काय बोलायचं?

दुसरा कागद छातीचा होता. तो बघताना बाईंचा आवाज बदलला. हृदयाचा ठोका वरून खाली पोचवणाऱ्या तारासुद्धा या आजारात झिजतात. रामकिशनचा ठोका वाटेत अडखळत होता, कधी मधला एखादा गळून पडत होता. म्हशीखाली तो त्यामुळंच कलंडला. "घरात कोणी झोपेत गेलंय?"

"वडील," अनुसयाबाई म्हणाल्या. "अठ्ठ्याण्णव साली, नोव्हेंबरात. आणि गेल्या मंगळवारी भाऊ."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आज भरती व्हा. छातीत एक छोटं यंत्र बसवायचं आहे, ठोका चुकला की ते सावरतं. आणि भावाला मुलंबाळं?"

"एक पोरगी हाय," रामकिशन म्हणाला. "प्रियंका. ईस वर्षांची."

"तिलाही आणा. हा आजार बापाकडून येण्याची शक्यता निम्मी असते, आणि पुढच्या पिढीत लवकर दिसतो. झोप फार येते का तिला?"

रामकिशनला आठवलं. कॉलेजात पोरगी बाकावर झोपते म्हणून घरी चिठ्ठी आली होती, आणि जगन हसला होता.

तरी तो भरती झाला नाही. गुरुवारी धावा आहे, तो म्हणाला, पिंड ठेवल्याशिवाय मला कुठं जाता येत नाही. बाईंनी समजावलं, अनुसयाबाईंनी समजावलं. खाली मान घालून तो ऐकत राहिला आणि शेवटी चपला घातल्या. वसमतला परतीची बस बदलली. पुढं तो म्हणाला, "काकू, म्या त्याला झोप म्हणलं व्हतं." आणि गेल्या सोमवारचं सगळं सांगितलं. "आता तो झोपल्यावर मी पळून जाऊ व्हय?"

अनुसयाबाईंनी त्या दिवशीच्या पानावर हे वाक्य लिहिलं नाही. कधी कधी त्या असं जाणून सोडून देत.

शीव ओलांडल्याची बातमी गावात बसच्या आधी पोचली. बुधवारी दुपारी, नवव्या दिवशी, ओमप्रकाश पारूबाईच्या ओसरीवर येऊन बसला आणि रामकिशनला बोलावणं गेलं. अनुसयाबाई आपणहून आल्या. पारूबाई आतल्या दाराच्या उंबऱ्याआड, पदर कपाळापर्यंत ओढून. रामकिशन तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर बोलायचं नाही, त्याच्या सावलीलाही शिवायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. बावीस वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती. काही सांगायचं तर मध्ये कुणीतरी लागायचं.

"शीव वलांडलीस?" ओमप्रकाशनं विचारलं.

"व्हय. काकूच्या सोबतीला गेल्तो. त्यांच्या डोळ्याचं व्हतं."

"आन् टोचल्याची खूण तुह्या हाताला. काकूचे डोळे तुह्या हातात हायेत व्हय?"

अनुसयाबाईंनी घसा साफ केला.

आतून पारूबाईचा आवाज आला. "प्रियंका, तुह्या काकाला इचार. शेवटल्या दिशी शेतात काय बोलणं झालं व्हतं? ते न जेवता काहून झोपले?"

प्रियंका चौकटीला टेकून उभी होती. तिनं विचारायची गरज नव्हती. रामकिशननं उंबऱ्याकडं तोंड केलं आणि जमिनीकडं बघत सांगितलं. "त्याला झोप लागली. हळद गेली. मी म्हणलं, झोपायचं तर झोप एकदाचा."

बाहेर कुठंतरी कुकरची वाफ सोडल्याचा लांब सुस्कारा ऐकू आला.

"मंग कसा सोडंल तो?" ओमप्रकाश हळूच म्हणाला.

तेव्हा रामकिशननं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरातली ती गोष्ट चारचौघांत उघडी केली. बापाची शिकवण, म्हशीखालची उघडझाप, जगनची गाडीची मूठ, नांदेडची सुई. बोलणं कुणाला पटत नाही हे दिसल्यावर त्यानं ओसरीवरच्या चुलीजवळची पळी उचलली, तळहात उताणा केला आणि दांड्यानं अंगठ्याखाली टक केलं.

अंगठा उठला, आडवा झाला आणि तसाच राहिला. ओमप्रकाश बसल्या जागेवरून एक हात मागं सरकला.

"काका," प्रियंका म्हणाली. ती पुढं येऊन त्याच्यासमोर बसली आणि आपला तळहात उताणा केला. "मला मारा."

रामकिशनच्यानं ते होईना. पळी त्याच्या मुठीत होती आणि मूठ सुटत नव्हती, की तो ती सोडत नव्हता, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात उंबऱ्याआडून पारूबाई बाहेर आली. तिनं त्याच्या बोटांतून पळी सोडवून घेतली, एकेक बोट उलगडून. बावीस वर्षांत प्रथमच. मग लेकीच्या हातावर दांडा टेकवला आणि टक केलं.

पोरीचा अंगठा उठला. बांगडीसुद्धा न वाजता, झोपेत असल्यासारखा, तळहातावर येऊन पडला. प्रियंका त्याच्याकडं बघत राहिली. "मी नाही करत हे," ती आईला म्हणाली.

पारूबाई खाली बसली. पदर कधी घसरला ते तिला कळलं नाही. रामकिशनचा हात तिनं ओढून लेकीच्या हाताशेजारी ठेवला आणि दोन्ही अंगठे परत जागेवर जाईपर्यंत पाहिले.

"त्यांचा बी असाच व्हता," ती म्हणाली. कुणाला मध्ये न घेता, थेट रामकिशनच्या तोंडाकडं बघत. "लग्न झालं तवा. माझा हात धरला की त्यांच्या हातातून सुटायचा न्हाई. सोडा म्हणलं तरी किती येळ न्हाई. मला वाटायचं, माया हाय."



"तुमी उद्या जा," ती म्हणाली. "हिला घेऊन जा. सकाळच्या गाडीनंच."

"उद्या धावा हाय," ओमप्रकाश म्हणाला. "पिंड कोण ठिवंल?"

"मी ठिवते."

"बाईमाणूस ठिवत न्हाई पिंड."

"मंग तुमी कावळ्याला आधी सांगून ठिवा, बाई येऊन राहिली म्हणून." ओमप्रकाशकडं न बघता तिनं पळी जागेवर ठेवली. "धन्याला मी बावीस वर्सं खाऊ घातलं. माह्या हातचं त्यांला वळखू येईल."

रामकिशन म्हणाला, "पारू, मी त्याला बोललो ते..."

"तुमी बोलला. म्या बी रोज बोलत व्हते, किती झोपता म्हणून." तिनं घसरलेला पदर डोक्यावर घेतला. मग म्हणाली, "बोलण्यानं माणूस मरत आसता तं या गावात कुणी उरलं नसतं. जा तुमी."

गुरुवारी सकाळी सहाच्या बसला अनुसयाबाईंनी दोघांना चढवलं. सुनिताही बरोबर गेली, डबा घेऊन. त्याच वेळी पारूबाई डोक्यावर भाताचं पातेलं घेऊन नदीच्या वाटेला लागली होती, मागं दहा पावलांवर ओमप्रकाश आणि भावकीतले चौघं, तिला अडवावं की सोबत करावं हे न ठरवता.

शिवेवरच्या मारुतीपाशी बस मंदावली तेव्हा रामकिशननं पाठीमागं कुणी चढतंय का ते बघितलं. कुणी चढलं नाही. वसमत येईपर्यंत प्रियंकाच्या पापण्या उतरल्या आणि डोकं त्याच्या खांद्यावर आलं. रामकिशननं तिला हलवून उठवलं. ती पुन्हा झोपली, त्यानं पुन्हा उठवलं. "झोपू दे की काका." नांदेडपर्यंत त्यानं तिला झोपू दिलं नाही. गावातलं, कॉलेजातलं, म्हशीचं, सुचेल ते विचारत राहिला, आणि बोलताना तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवून ठेवली.

दुपारी तीनला सुनिताचा फोन आला. दोघांना भरती करून घेतलं होतं. रामकिशनचं यंत्र शनिवारी बसणार होतं. प्रियंकाचा छातीचा कागद सध्या बरा होता. तिला दर वर्षी यावं लागणार होतं. पारूबाई नदीवरून दोनला परतली, अंघोळ केली आणि दार लावून घेतलं. कावळा शिवला का, हे अनुसयाबाईंनी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांनी वही उघडून फोनची वेळ, शनिवारची तारीख आणि पारू दोनला परतल्याचं लिहिलं. पान अर्धं उरलं होतं. खाली लिहिलं: तूरडाळीला दिवसभर ऊन दिलं, कडुनिंबाचा पाला घालून दोन डबे भरले.